रास, भरती आणि लॉगचे कोष्टक



मोरा बंदराच्या धक्क्यावरून समोर पाहिले तर पाणी दिसते, आणि पाठ फिरवून उरणच्या बाजूला पाहिले तर पूर्वी मिठागरे दिसत. पाण्याचा हिशोब इथल्या प्रत्येकाला ठेवावाच लागतो. ओहोटी फार उतरली की गाळामुळे भाऊच्या धक्क्याची लाँच अडते. आणि उधाण कधी, भांग कधी, हे कोळीवाड्यात कुणाला कॅलेंडर उघडून सांगावे लागत नाही. मिठाचा हिशोब आगरांवर होई. त्यातली बरीच आगरे आता बंदराच्या आणि नव्या वसाहतींच्या भरावाखाली गेली, पण ढीग मोजायची रीत काही बदललेली नाही: लांबी, रुंदी, उंची. हे दोन हिशोब एका जातीचे नाहीत. भरतीची उंची बेरजेतून तयार होते. चंद्रामुळे चढणारे पाणी आणि सूर्यामुळे चढणारे पाणी एकत्र आले की उधाण, एकमेकांना कापू लागले की भांग. मिठाची रास मात्र गुणाकारातून तयार होते. गुणाकाराच्या जातीचा हिशोब बेरजेच्या जातीत नेण्याची जी युक्ती आहे, तिला शाळा-कॉलेजात ‘लॉगचा पहिला नियम’ म्हणतात: गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज. मग दुसरा नियम भागाकाराचा, तिसरा घाताचा, आणि मुले तिन्ही पाठ करून मोकळी होतात. माझे म्हणणे असे आहे की हा तिघांतला पहिला नियम नव्हेच. लॉग म्हणजे हाच नियम. बाकीचे सगळे त्याच्या पोटातून निघाले. इतिहासाचा पुरावा याच बाजूचा आहे, आणि शिकवण्याची प्रचलित पद्धत त्याच्या उलट चालते.

आधी रास मोजू. गुदामात मिठाच्या गोण्यांची थप्पी रचली आहे, लांबी ३७.५ फूट, रुंदी १२.४ फूट, उंची ६.८ फूट. घनफळ काढायला दोन गुणाकार करावे लागतात. त्याऐवजी चार अंकी लॉग टेबल उघडले तर ३७.५चा लॉग १.५७४०, १२.४चा १.०९३४ आणि ६.८चा ०.८३२५ मिळतो. तिन्हींची बेरीज ३.४९९९. आता अँटिलॉगच्या पानावर .४९च्या ओळीत ९चा रकाना आणि पुढचा मीन डिफरन्स पाहिला की ३१६१ हाती येते. कागदावर सरळ गुणाकार केला तर बरोबर ३१६२ घनफूट येतात. एका घनफुटाची चूक झाली. चार अंकांच्या कोष्टकाकडून याहून जास्त मागणे अन्याय आहे. पण माझे लक्ष उत्तराकडे नाही, त्या तीन सुट्या आकड्यांकडे आहे. गुणाकारात लांबी, रुंदी, उंची एकमेकांत अशा मिसळून जातात की ३१६२ या संख्येकडे पाहून कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. लॉगच्या बेरजेत प्रत्येकीचा वाटा वेगळा उभा राहतो. उद्या थप्पी सव्वापट उंच केली तर बेरजेत ०.०९६९ मिळवायचे. उंचीऐवजी लांबी सव्वापट केली, तरी तेवढेच. मूळ थप्पी केवढी होती हे विचारायचीही गरज नाही. गुणाकाराची फोड म्हणतात ती ही.

मराठी माणसाने गुणाकाराशी सामना करण्याचा दुसरा रस्ता धरला होता, तो पाठांतराचा. तीसपर्यंतचे पाढे, आणि त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे आज पुष्कळांना शब्दकोशात शोधावे लागेल. या पद्धतीची थट्टा करण्याची फॅशन होऊन गेली. मला ती करायची नाही, कारण बाजारात उभ्या उभ्या सव्वासतरा रुपयांचे अडीच शेर सांगणारे डोके याच पाढ्यांवर तयार झाले. पण पाढ्यांची अडचण त्यांच्या घडणीतच आहे. पाढा हे दोन दिशांनी वाढणारे कोष्टक आहे. १ ते १००च्या प्रत्येक संख्येला १ ते १००ने गुणायचे तर दहा हजार घरे भरावी लागतात. उलटसुलट जोड्या एकच धरल्या तरी ५,०५० उरतात. मर्यादा हजारापर्यंत नेली की घरे दहा लाख होतात, आणि जोड्या एक धरूनही पाच लाखांच्या वर. लॉगचे कोष्टक एकाच दिशेने वाढते: हजार संख्यांना हजार नोंदी. चार अंकी लॉग टेबल दोन छापील पानांत मावते ते यामुळेच. १० ते ९९ अशा नव्वद ओळी, दहा रकाने आणि कडेला बारीक फरकांची पट्टी. गुणाकाराचे दोन बाजूंचे जग एका रेषेवर आणून ठेवायची किंमत एवढीच की शेवटी एकदा उलट बघावे लागते.

कोष्टकाच्या जोरावर अवघड गणित बेरजेवर आणण्याची ओढ आपल्या या किनाऱ्यालाही होती. अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, या खाडीपलीकडच्या कुलाब्याच्या वेधशाळेत तरुणपणी काम करीत होते. पुढे १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली. अशा कोष्टकांत वर्षाची गती एकीकडून, महिन्याची दुसरीकडून, दिवसाची तिसरीकडून उचलायची आणि मिळवायची असते. कष्ट एकाने एकदा उपसलेले असतात, पंचांगकर्त्याला उरते ती बेरीज. ग्रहाची गती मुळातच बेरजेची असल्याने तिथे हे सरळ जमते. गुणाकाराच्या बाबतीत ते जमवण्यासाठी काहीतरी नवे शोधावे लागले.

ते कोणी शोधले, या प्रश्नाचे शाळेतले उत्तर जॉन नेपियर, १६१४. ते चुकीचे नाही, पण त्याच्या आठशे वर्षे आधीची एक नोंद इथे मांडणे भाग आहे, आणि तिचा महाराष्ट्राशी संबंध आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकाच्या आरंभी, आचार्य वीरसेनांनी षट्खंडागम या जैन आगमग्रंथावर ‘धवला’ नावाची विस्तृत टीका लिहिली. ती शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर राहिली आणि छापून वाचकांसमोर आली ती अमरावतीहून. तिथल्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हीरालाल जैन यांनी १९३९पासून तिचे खंड संपादून काढले. चौथ्या खंडात लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर लेख लिहिला आणि ‘अर्धच्छेद’ ही कल्पना गणिताच्या इतिहासकारांच्या नजरेस आली. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. १६चे चार, ३२चे पाच. आणि वीरसेन सांगतात की गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य आणि गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज. १६ गुणिले ३२ बरोबर ५१२. ५१२ निम्मे करीत गेलात तर नऊ वेळा. तीनने भागण्याचे ‘त्रिकच्छेद’ आणि चारने भागण्याचे ‘चतुर्थच्छेद’ही तिथे आहेत. हे का लागले? जैन विश्वरचनेत द्वीप आणि समुद्र एकाबाहेर एक असे वेढे घालून बसलेले असतात आणि प्रत्येकाची रुंदी आधीच्याच्या दुप्पट असते. अशा दुपटींच्या रांगेत संख्या लिहून दाखवणे अशक्य होते. दुपटी मोजणे शक्य होते.

यावरून ‘लॉग आमचेच’ असा जयघोष करण्याचा मोह होतो, आणि सभागृहात टाळ्याही मिळतात. तो टाळायला हवा. अर्धच्छेद पूर्णांकांत चोख चालतात ते २, ४, ८, १६ यांच्यासाठी. ७चे अर्धच्छेद किती, ही नोंद करून तिचे कोष्टक करायचे आणि मग रोजच्या गुणाकाराला ते वापरायचे, हा टप्पा तिथे नाही. नेपियरचे श्रेय त्या टप्प्याचे आहे. पण माझ्या मुद्द्याला वीरसेनांची साक्ष वेगळ्याच कारणाने हवी. धवलेत घातांकाची आजची चिन्हपद्धती नाही, दशमान पाया नाही, कोष्टक नाही, तरीही गुणाकाराची बेरीज होण्याचा नियम आहे. म्हणजे बाकी सगळे काढून घेतले तरी उरते ते हेच.

नेपियरकडे पाहिले तर साक्ष आणखी पक्की होते. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनच्या या जमीनदाराने वीस वर्षे खपून जे कोष्टक केले, त्याची कल्पना दोन चालत्या बिंदूंवर बेतलेली होती. एक सारख्या वेगाने पुढे जातो, दुसऱ्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत जातो. घातांकाचा तिथे मागमूस नाही. घातांक लिहिण्याची आजची पद्धत देकार्तच्या १६३७च्या ग्रंथाने रूढ झाली, म्हणजे नेपियर वारल्यानंतर वीस वर्षांनी. आता गंमत पाहा. नेपियरच्या मूळ कोष्टकात एक कोटीचा लॉग शून्य होता, एकाचा नव्हे. त्यामुळे त्रैराशिक नीट सुटे, कारण सारख्या गुणोत्तरांना सारखे फरक मिळत; पण साध्या गुणाकारात दर वेळी एकाचा लॉग वजा करण्याचे लोढणे गळ्यात पडे. लंडनच्या ग्रेशम कॉलेजातले हेन्री ब्रिग्ज १६१५च्या उन्हाळ्यात मुद्दाम एडिंबरोला नेपियरकडे गेले. दोघांचे ठरले ते असे, की एकाचा लॉग शून्य आणि दहाचा लॉग एक धरून सगळे नव्याने करायचे. वीस वर्षांची मेहनत छापून दोन वर्षेही झाली नव्हती, आणि कर्ताच ती बाजूला ठेवायला तयार झाला. कशासाठी? गुणाकाराची फोड निखळ व्हावी, तिच्यात शेपूट राहू नये, एवढ्यासाठी. हातात दोन सोयी असताना कोणती ठेवायची असा प्रश्न आला तेव्हा त्या माणसांनी काय निवडले, यावरून कल्पनेचा गाभा कळतो.

ब्रिग्जने १६२४ साली १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे चौदा दशांश स्थळांपर्यंतचे लॉग छापले. मधली फट डच प्रकाशक आद्रियान व्लाक यांनी १६२८मध्ये, दहा स्थळांपर्यंत, भरून काढली. इतक्या संख्यांचे लॉग काढले कसे, हे आपल्या वर्गात सहसा कोणी सांगत नाही, आणि हीच जागा सर्वांत रसाळ आहे. प्रत्येक संख्येसाठी स्वतंत्र खटाटोप करावा लागत नाही, कारण संयुक्त संख्या ही मूळ संख्यांचा गुणाकार असते आणि फोड केली की तिचा लॉग बेरजेने मिळतो. १ ते १०००मध्ये मूळ संख्या फक्त १६८ आहेत. उरलेल्या सगळ्या बेरजेच्या कामाच्या. त्यातही ५ फुकट येतो, कारण २ आणि ५ यांचा गुणाकार १०, म्हणून ५चा लॉग म्हणजे १ वजा २चा लॉग. २चा लॉग अदमासे काढायला एक निरीक्षण पुरते: दोनाचा दहावा घात १०२४, तो हजाराच्या अगदी जवळ, म्हणून दहापट लॉग २ जवळजवळ ३, लॉग २ जवळजवळ ०.३. खरी किंमत ०.३०१०३. तीनासाठी ८१ आणि ८० पाहा. ८१ म्हणजे तिनाचा चौथा घात. ८० म्हणजे ८ गुणिले १०, त्याचा लॉग १.९०३१. चारने भागा, ०.४७५८. खरा आकडा ०.४७७१ आहे, म्हणजे तिसऱ्या स्थळाला चूक आली. ८१ हा ८०पेक्षा एक ऐंशीवा भाग मोठा आहे, त्याचा हिशोब राहिला होता. सातासाठी नशीब जास्त चांगले. साताचा चौथा घात २४०१. २४०० म्हणजे ३ गुणिले ८ गुणिले १००, लॉग ३.३८०२, चौथा हिस्सा ०.८४५०५. खरी किंमत ०.८४५१०. पाठीमागच्या पानावर पेन्सिलने एवढे केले की सातव्या इयत्तेतल्या मुलालाही कळेल की लॉग टेबल आकाशातून पडलेले नाही, ते फोडीतून शिवलेले आहे. ब्रिग्जला चौदा स्थळे हवी होती, म्हणून त्याला दहाचे वर्गमूळ, त्याचे वर्गमूळ, असे चोपन्न वेळा काढत बसावे लागले. तो भाग मी कोणाला गृहपाठ म्हणून देणार नाही.

इथे जाणकार श्रोता हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. गुणाकार बेरजेवर आणण्याचा मक्ता लॉगकडे नाही. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग आणि फरकाचा वर्ग यांतली वजाबाकी चारने भागली की त्यांचा गुणाकार मिळतो. त्यासाठी पाव-वर्गांची कोष्टके एकोणिसाव्या शतकापर्यंत छापली जात होती, आणि त्यांतून येणारे उत्तर अचूक असते, आपल्या थप्पीसारखे एका घनफुटाने घसरत नाही. नेपियरच्या आधी ट्युको ब्राहेच्या वेधशाळेत ज्या-कोज्यांच्या सूत्राने गुणाकाराची बेरीज करीत. मग लॉगमध्ये असे काय विशेष? विशेष हे की त्या दोन्ही युक्त्या दोन गुणकांपुरत्या आहेत. तिसरा गुणक आला की पहिले उत्तर पूर्ण काढून, कोष्टकात परत शिरून, सगळा विधी पुन्हा करावा लागतो. आमच्या मिठाच्या थप्पीला तीन बाजू आहेत. पाव-वर्गाच्या कोष्टकाने तिची लांबी-रुंदी उरकली की उंचीसाठी पुन्हा पहिल्यापासून. लॉगमध्ये तीन गुणक असोत की तीस, एकदा सुटे केले, एक लांबलचक बेरीज केली, आणि एकदाच उलट पाहिले. शिवाय सारखेच गुणक असले तर बेरीज ही पुन्हा गुणाकार होते, तिथून घाताचा नियम निघतो. उलटे गेलो की घनमूळ म्हणजे नुसता तीनने भागाकार. पाव-वर्गांना घनमूळ माहीत नाही. तेव्हा फोड एका गुणाकाराची होते म्हणून नव्हे, कितीही गुणकांची एका दमात होते म्हणून लॉग जिंकला.

आणि बाकीचे नियम त्याच्या पोटात आहेत असे मी म्हणालो, ते दाखवायला फार वेळ लागत नाही. एक गुणिले एक बरोबर एक. फोड केली तर एकाचा लॉग दोनदा मिळवून एकदाच येतो, अशी संख्या शून्यच. एखादी संख्या आणि तिचा व्यस्त यांचा गुणाकार एक, म्हणून त्यांचे लॉग एकमेकांना खोडतात, आणि भागाकाराचा नियम झाला. घाताचा नुकताच सांगितला. जी कुठली अखंड चालणारी रीत गुणाकाराची बेरीज करते, ती कुठल्या ना कुठल्या पायाचा लॉगच असते. ही गोष्ट इतिहासातही एकदा प्रत्यक्ष घडून गेली. बेल्जियमचे जेझुइट ग्रेग्वार द सँ-व्हँसाँ यांनी १६४७ साली अपास्त या वक्ररेषेखालच्या क्षेत्रफळांचा अभ्यास छापला. त्यांच्या मनात लॉग नव्हता. दोन वर्षांनी त्यांच्याच परंपरेतल्या आल्फोन्स द सारासा यांनी दाखवून दिले की ही क्षेत्रफळे लॉगसारखी वागतात: अंतरे गुणली की क्षेत्रफळे मिळवली जातात. घातांक नाही, कोष्टक नाही, पाया कोणता हेही कोणी विचारले नाही. बेरीज दिसली आणि ओळख पटली. पुढे त्यालाच नैसर्गिक लॉग हे नाव मिळाले.

याहून बोलका पुरावा ऋण संख्यांच्या वादात आहे. शाळेत आपण सांगतो, लॉग फक्त धन संख्यांचा. उणे दोन आणि उणे तीन यांचा गुणाकार सहा असला तरी त्याची फोड करायची नाही. हे बंधन कुठून आले? १७१२-१३मध्ये लायबनिट्स आणि योहान बर्नुली यांची यावर पत्रापत्री झाली. बर्नुलींचे म्हणणे असे, की उणे संख्येचा वर्ग आणि तिच्या धन जोडीदाराचा वर्ग एकच, म्हणून फोडीच्या नियमाने दोघांचे लॉग सारखे. लायबनिट्स ते मानायला तयार नव्हते. ऑयलरने १७४९च्या सुमारास निकाल दिला: प्रत्येक संख्येला एक नव्हे, अनंत लॉग असतात, एक सोडून बाकी सगळे काल्पनिक आणि ऋण संख्येचे तर सगळेच काल्पनिक, आणि गुणाकाराचा नियम या सगळ्या समूहाला मिळून लागू पडतो. म्हणजे एका संख्येला एकच लॉग, ही तोवर कोणी शंका न घेतलेली गोष्ट सोडून द्यावी लागली, पण गुणाकाराची बेरीज होणे कोणी सोडले नाही. दुसऱ्यांदा तीच निवड.

आता शिक्षकांची हरकत. पाठ्यपुस्तके लॉगची व्याख्या घातांक म्हणून करतात. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते हे मुलांना आधीच माहीत असते, तेव्हा पहिला नियम दोन ओळींत सिद्ध होतो. ऑयलरने १७४८च्या ग्रंथात हीच वाट धरली आणि ती सुटसुटीत आहे, यात वाद नाही; पाया बदलण्याचे सूत्र तर या वाटेनेच लवकर मिळते. पण सुटसुटीतपणा कोणाचा? ज्याला सगळे आधीच कळले आहे त्याचा. ७चा लॉग ०.८४५१ याचा घातांकाच्या भाषेत अर्थ असा की दहाला स्वतःशी ०.८४५१ वेळा गुणले. ‘०.८४५१ वेळा’ म्हणजे काय, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाही, कारण त्याने विचारणे सोडून दिलेले असते. उलट ‘अशी एक यादी करू, की संख्या गुणल्या तर यादीतले आकडे मिळवले जातील’ एवढे सांगून २४०१ आणि २४००चा खेळ मांडला, तर तोच आकडा त्याच्या स्वतःच्या पेन्सिलीतून बाहेर येतो. घातांक मग सांगावा. तो त्याला उत्तर वाटेल, कोडे वाटणार नाही. इतिहासाने जो क्रम घेतला तो शिकवण्यात नेहमीच घ्यावा असा माझा आग्रह नाही, पुष्कळदा तो आडवळणाचा असतो. इथे मात्र तोच जवळचा आहे.

दुसरी हरकत महाराष्ट्रातल्या प्रत्येक सायन्सच्या विद्यार्थ्याच्या ओठावर असते. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर राज्य मंडळाची सूचना छापलेली असते: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. खिशातल्या फोनमध्ये क्षणात होणारे काम बार लावलेल्या पूर्णांशाशी झटापट करीत का करायचे? गुणाकार उरकण्याचे साधन म्हणून लॉग टेबलाचा बचाव मी करणार नाही. तो बचाव संपलेला आहे, आणि परीक्षेतली ती पंधरा मिनिटे भौतिकशास्त्राला दिली तर भौतिकशास्त्राचे काही बिघडणार नाही. पण कोष्टक गेले म्हणून फोड गेली, असे समजणे म्हणजे कंदील विझला म्हणून उजेडाची गरज संपली म्हणण्यासारखे. कॅल्क्युलेटरच्या मोठ्या भावाकडे, संगणकाकडे जा. आज सर्वत्र रुळलेल्या चौसष्ट बिटांच्या पद्धतीत सर्वांत लहान धन संख्या दहाच्या उणे तीनशे चोवीसाव्या घाताच्या आसपास आहे. त्याखाली सगळे शून्य. आता बोललेले मराठी ओळखून लिहिणारा एखादा प्रोग्राम शंभर शब्दांच्या मजकुराची संभाव्यता काढतो आहे आणि प्रत्येक शब्दाची संभाव्यता दहा हजारांत एक आहे असे धरा. गुणाकार दहाच्या उणे चारशेव्या घाताएवढा येतो. यंत्राला तो शून्य दिसतो, आणि दुसऱ्या एखाद्या वाक्याचाही शून्य दिसतो. दोहोंत बरे कोणते हे त्याला सांगता येत नाही. उपाय चारशे वर्षांपूर्वीचाच: गुणाकार करायचाच नाही, फोड करून लॉग मिळवायचे. शंभर वेळा उणे चार, उणे चारशे. ही संख्या यंत्राला अगदी मामुली. ज्या यंत्राने लॉग टेबल मोडीत काढले म्हणतात, त्या यंत्राच्या आत रात्रंदिवस हाच नियम राबतो आहे.

आणि यंत्र कशाला, गणपतीतला आवाज घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ‘दहानेच तर कमी’ असे मंडळाच्या कार्यकर्त्याला वाटते. डेसिबल म्हणजे तीव्रतेच्या पटीचा लॉग गुणिले दहा; दहा डेसिबलने कमी म्हणजे तीव्रता दहावा हिस्सा. एकाच्या जागी तसेच दोन भोंगे लावले की आकडा दुप्पट होत नाही, तीनने चढतो, कारण २चा लॉग ०.३०१०. चार भोंग्यांना सहा, आठांना नऊ. दर दुपटीला तेच तीन. वीरसेनांच्या द्वीपसमुद्रांसारखे.

शेवटी या नियमाची हद्द, कारण चुका तिथेच होतात. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, असे लिहिणारी उत्तरपत्रिका प्रत्येक गठ्ठ्यात निघते आणि तिच्यावर लाल रेघ ओढली जाते. रेघ योग्यच आहे, पण कारण सांगितले जात नाही. लॉग गुणाकाराची घडी उलगडतो. जे मुळात घडी घातलेलेच नाही, ते उलगडणार कसे? मोऱ्याच्या भरतीपुढे लॉग म्हणूनच हात टेकतो. अपोलो बंदरावर १८७८पासून भरतीमापक नोंदी करतो आहे. त्या काळात भरतीचे भाकीत करायला केल्व्हिनच्या कल्पनेतून निघालेली यंत्रे वापरत. भारतीय बंदरांसाठी असे एक यंत्र १८७९मध्ये तयार झाले. त्यात प्रत्येक लाटेला एक कप्पी होती आणि सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी त्या लाटांची बेरीज करी. ते बेरजेचे काम होते, कप्प्यांनी झाले.

तरीही लॉगांतून बेरीज काढावीच लागली तर? खगोलशास्त्रात तशी वेळ सारखी येई, आणि लिओनेल्ली यांनी १८०३मध्ये व गाउस यांनी १८१२मध्ये त्यासाठी वेगळे कोष्टक दिले. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे: बेरजेतून मोठी संख्या सामाईक गुणक म्हणून बाहेर काढायची. म्हणजे बेरजेचा आधी गुणाकार करायचा, आणि मग नेहमीची फोड. समजा दोन राशींच्या गोण्यांची संख्या हाती नाही, फक्त त्यांचे लॉग आहेत: २.३०१० आणि २.००००. फरक ०.३०१०, म्हणजे दुसरी रास पहिलीच्या निम्मी, आणि दोन्ही मिळून पहिलीच्या दीडपट. दीडचा लॉग ०.१७६१, तो पहिलीच्या लॉगमध्ये मिळवा. २.४७७१. आता कोष्टक उलटे पाहा: ३०० गोण्या.